शिडी समोर होती, मग तो पळाला का नाही?

मागे एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण एक जुना कृष्णधवल जपानी सिनेमा बघायला जमलो होतो. सिनेमा संपला, दिवे लागले, कुणी काही बोलेना. मित्राच्या आईनं सगळा सिनेमा शेंगा सोलत बघितला होता. त्यांनीच विचारलं, "अरे, शिडी तर समोर लोंबकळत होती. मग हा बाबा पळाला का नाही?" त्यावर आमच्यातल्या दोघांनी एकाच वेळी 'अस्तित्ववाद' असा शब्द टाकला. काकूंनी टरफलं गोळा केली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

काकूंचं बरोबर होतं. जपानी कादंबऱ्या हल्ली आपल्याकडेही बऱ्याच वाचल्या जातात, पण हा सिनेमा ज्या कादंबरीवरून निघाला त्या कोबो आबे यांच्या 'सुना नो ओन्ना'पाशी आलं की भलेभले वाचक थबकतात आणि मग 'अस्तित्ववादी आहे' म्हणून मोकळे होतात. तो शब्द उत्तर म्हणून वापरला की चर्चाच संपते. म्हणून आधी गोष्ट, मग शब्द.

शेवट फोडल्याबद्दल माफी मागत नाही. आबे यांनीच तो पहिल्याच प्रकरणात फोडला आहे: ऑगस्टमधल्या एका दिवशी एक माणूस नाहीसा झाला, सात वर्षं उलटली आणि कायद्यानं त्याला मृत ठरवलं. पुढचं सगळं पुस्तक वाचायचं ते 'काय झालं' यासाठी नाही.

गोष्ट

कादंबरी १९६२ ची. जपानी नाव 'सुना नो ओन्ना', म्हणजे वाळूतली बाई. निकी जुंपेई हा एकतीस वर्षांचा शाळामास्तर. त्याला किडे गोळा करायचा नाद. वाळूत राहणाऱ्या एका जातीच्या भुंग्याचा नवा प्रकार सापडला तर कीटकांच्या कोशात आपलं नाव कायमचं छापलं जाईल, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. त्यासाठी सुट्टी काढून तो समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत जातो. शेवटची बस चुकते. गावकरी म्हणतात, राहा की एक रात्र. दोराच्या शिडीनं ते त्याला एका खोल खड्ड्यात उतरवतात. तळाशी एक मोडकळीला आलेलं घर आणि घरात एकटी विधवा बाई.

सकाळी शिडी नाही.

खड्ड्याच्या भिंती वाळूच्या. चढायला जावं तर वाळू ढासळते आणि माणूस पुन्हा तळाशी. वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी दबा धरून बसणारा तो बारका किडा लहानपणी आपण सगळ्यांनी काडीनं उकरून पाहिलाय. त्यात पडलेल्या मुंगीची जी गत होते, तीच इथं किडे पकडायला आलेल्याची.

मग काम. वाऱ्यानं वाळू येत राहते. रोज रात्री ती फावड्यानं उपसायची, गावकरी वरून दोर सोडतात आणि भरून ओढून घेतात. उपसली नाही तर घर गाडलं जाणार. हे घर गाडलं गेलं की भार मागच्या घरावर, मग त्याच्या मागच्या. म्हणजे कडेच्या खड्ड्यांतली ही माणसं सगळ्या गावाचा बांध आहेत. काम केलं तर पाणी, तंबाखू, अधूनमधून दारू मिळते. काम थांबवलं की पाणी बंद. मास्तर संपावर जाऊन बघतो, बाईला बांधून ठेवून बघतो. तहान जिंकते.

त्या वाळूचं गाव काय करतं? चोरून बांधकामवाल्यांना विकतं. समुद्राची खारी वाळू, स्वस्तात. मास्तर हबकतो: खाऱ्या वाळूच्या काँक्रीटनं धरणं नि इमारती पडतील की! बाईचं म्हणणं असं, की परक्या लोकांचं काय का होईना, आपल्याला काय त्याचं. आपल्याकडे रात्री नदीपात्रातून निघणाऱ्या डंपरच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज पडू नये. आणि मास्तरची धास्ती खरीच होती. मीठ काँक्रीटच्या आतल्या सळईला गंज लावतं.

वाळूचा एक कण

कादंबरीत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: एक अष्टमांश मिलिमीटर. वाळूच्या कणाची सरासरी जाडी. मास्तर त्यावर भाळलेला आहे. एवढा बारीक कण वारा उचलतो, पाण्यासारखा वाहवतो. वाळू कधीच थांबत नाही, तिला आकार नाही, म्हणून तिचा नाशही नाही. मोकळेपण म्हणजे हेच, असं त्याला घरी बसून वाटत असतं. खड्ड्यात उतरल्यावर कळतं की जी गोष्ट कशालाच बांधलेली नाही, ती बाकी सगळं गिळते.

पहिल्या रात्री बाई त्याच्या जेवणावर छत्री धरायची सोय करते. त्याला कळेना, घरात छत्री कशाला? छपरातून वाळू गळते म्हणून. मग ती सांगते की वाळूमुळे लाकूड कुजतं. मास्तर हसतो. वाळू म्हणजे कोरडेपणाची परिसीमा, तिनं लाकूड कसं कुजेल? बाई हट्टानं म्हणते, कुजतं, वाळू ओल धरते. शिकलेल्या माणसाला अडाणी बाईचं ऐकायचं नसतं, तसं तो तिचं बोलणं उडवून लावतो. हा प्रसंग लक्षात ठेवा. सगळ्या गोष्टीची किल्ली तिथं आहे आणि पहिल्या वाचनात माझ्या हातून ती निसटली होती.

अस्तित्ववाद, एकदाच समजून घेऊ

लाटणं घ्या. ते बनवण्याआधी सुताराला माहीत असतं की याचा उपयोग पोळ्या लाटायला. म्हणजे हेतू आधी, वस्तू मागाहून. माणसाचं तसं नाही, असं अस्तित्ववादी म्हणतात. माणूस आधी जन्मतो. तो कशासाठी आहे हे आधीपासून कुठं लिहिलेलं नाही. ते तो आपल्या निवडींतून, वागण्यातून ठरवत जातो. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४५ साली पॅरिसच्या एका भाषणात हाच मुद्दा कागद कापायच्या सुरीचं उदाहरण देऊन मांडला होता.

ऐकायला हे छान वाटतं. पण त्यातून एक अडचणीची गोष्ट निघते: 'माझा नाइलाज होता' ही सबब मग फारशी चालत नाही. परिस्थिती आपल्या हाती नसेल, पण तिच्यापुढे कसं उभं राहायचं ते आपलंच. स्वातंत्र्य हे बक्षीस न राहता ओझं होतं.

फ्रेंच लेखक अल्बेर काम्यू यांनी १९४२ मध्ये यासाठी ग्रीक पुराणातला सिसिफस घेतला. देवांचा शाप असा की मोठा धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा, शिखरापाशी तो गडगडत खाली येणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. काम्यू म्हणतात, या माणसाला सुखी समजलं पाहिजे. आबे यांनी धोंड्याऐवजी वाळू घेतली. पण काम्यूचा सिसिफस एकटा आहे. आबे यांच्या खड्ड्यात शेजारी आणखी एक फावडं चालतंय, वरून दोर ओढणारे हात आहेत, आणि पाण्याचं रेशन आहे. पुराणातल्या शिक्षेचा त्यांनी रोजगार केला. माझ्या मते हीच त्यांची खरी करामत.

आपल्याकडे हा शब्द साठच्या दशकात गाजला. 'कोसला' १९६३ ची, तिच्यावरही हा शिक्का बसला आणि वाद झाले. शिक्का मारल्यानं पांडुरंग सांगवीकर जास्त कळला, असं मला कधी वाटलं नाही.

आधी तरी तो मोकळा होता का?

शहरात मास्तरकडे होतं काय? नोकरी, सहकाऱ्यांचे हेवेदावे, जिच्याशी जमत नाही अशी एक बाई, आणि किडे. सुट्टीवर जाताना त्यानं कुणालाही पत्ता सांगितला नव्हता, उलट जरा गूढ ठेवण्यात त्याला मजा वाटली. हा माणूस खड्ड्यात पडायच्या आधीच निम्मा पळालेला होता.

जपान तेव्हा वेगानं श्रीमंत होत होता. १९६० मध्ये सरकारनं दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करायची योजना जाहीर केली. कारखाने, कचेऱ्या, एकसारख्या इमारतींतली एकसारखी घरं, सकाळची ठरलेली गाडी. त्याच काळात घरदार सोडून कुणालाही न सांगता निघून जाणाऱ्यांसाठी जपानी भाषेत एक शब्द रूढ झाला: 'जोहात्सु'. अर्थ, वाफ होऊन जाणं. माणूस मरत नाही, उडून जातो.

तेव्हा प्रश्न असा: रोज सकाळी तीच लोकल, तेच मस्टर, आणि रोज रात्री तेच फावडं, यात फरक किती? फरक आहेच. लोकल आपण उद्या चुकवू शकतो. पण चुकवतो का? कादंबरीत एकेरी तिकीट आणि परतीचं तिकीट यांचा एक खेळ चालू असतो. भटकायची गाणी तोच मजेत गातो ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे. खरोखर एकेरी तिकिटावर निघालेल्याला गाणं सुचत नाही. आणि परतीचं तिकीट असलेल्याची ते जपायची धडपडच एवढी असते की प्रवास राहून जातो.

'आशा' नावाची बादली

मास्तर एकदा पळतोही. सेहेचाळिसाव्या दिवशी दोर करून तो खड्ड्याबाहेर येतो, अंधारात धावतो आणि दलदलीसारख्या वाळूत कमरेपर्यंत रुततो. मग ज्यांच्यापासून पळाला त्यांनाच ओरडून हाका मारतो. ते येतात, फावड्यांनी उकरून काढतात, परत खड्ड्यात सोडतात. फार न बोलता, शांतपणे.

यानंतर तो वाळूत एक लाकडी बादली पुरतो, वर आमिष लावतो. कावळा पकडायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. या सापळ्याचं नाव तो ठेवतो 'आशा'. कावळा काही येत नाही. एके दिवशी झाकण उघडतो तर बादलीत पाणी. स्वच्छ, गार, पिण्याजोगं.

कुठून आलं? दिव्याची वात तेल वर ओढते, तशी वाळूच्या कणांमधल्या बारीक फटींतून जमिनीतली ओल वर चढत असते. उन्हानं वरची ओल उडते, तिची जागा घ्यायला खालची वर येते. वाळूचा सगळा विस्तार म्हणजे एक मोठा पंप. झाकलेल्या बादलीत उडून जायला वाव नाही, म्हणून पाणी साठलं.

आता ती छत्रीची रात्र आठवा. वाळू ओल धरते, हे बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पाणी हेच गावकऱ्यांचं हत्यार होतं. ते आता बोथट झालं. मास्तर पाणी किती जमतं, हवा कशी होती, याच्या नोंदी ठेवू लागतो. हवामानाच्या बातम्यांसाठी त्याला रेडिओ हवासा वाटतो. बाई तर आधीपासूनच रेडिओसाठी मणी ओवून पैसे साठवतेय. दोघं मिळून काम करतात. हिवाळा सरतो. बाईला दिवस गेलेले असतात, पण गर्भ नको तिथं रुजलेला निघतो. वेदनांनी तळमळणाऱ्या तिला गोधडीत गुंडाळून वर ओढतात आणि तीनचाकी गाडीतून शहराच्या दवाखान्यात नेतात. गडबडीत शिडी तशीच राहते.

तो वर चढतो. समुद्र बघतो, वारा खातो. खाली नजर जाते तर पाण्याच्या सापळ्यापाशी काहीतरी हललं. त्याचीच सावली होती. पण चौकट एका बाजूनं मोडलेली दिसते, आणि ती नीट करायला तो घाईघाईनं खाली उतरतो. बादलीतलं पाणी शाबूत असतं. पळायची घाई नाही, त्याला वाटतं. आता हातातल्या तिकिटावर कुठं आणि कधी जायचं ते आपणच लिहायचं. शिवाय या पंपाबद्दल कुणाला तरी सांगायची त्याला अनावर इच्छा झालेली असते, आणि त्याचं मोल या गावकऱ्यांएवढं दुसऱ्या कुणाला कळणार?

काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. आधी त्याला कशापासून तरी सुटायचं होतं. आता त्याच्याकडे कशासाठी तरी थांबण्याजोगं काहीतरी आहे, आणि ते त्यानं स्वतः शोधलंय. भुंग्याच्या शोधात त्याला कोशात नाव हवं होतं. पाण्याच्या शोधात नावाचा विचारही त्याच्या मनाला शिवत नाही.

"हा तर सरळ स्टॉकहोम सिंड्रोम!"

डांबणाऱ्याशीच जीव जडणं, हा तो शब्द. तो आला १९७३ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत सहा दिवस ओलिस ठेवलेल्यांच्या प्रकरणावरून. म्हणजे कादंबरीनंतर अकरा वर्षांनी. पण शब्द नंतर आला म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही. पाणी तोडून, कामाला जुंपून, एकटं पाडून माणूस वाकवता येतो आणि वाकलेल्याला ते स्वतःचं मत वाटू शकतं. मास्तर मोडला आहे, असं म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

मला एवढंच दिसतं, की मोडलेला माणूस मालकाची मर्जी बघतो. मास्तर पंप लपवून ठेवतो. गावावर त्याचा जीव वगैरे जडलेला नाही. त्याच्या हातात आता गावाला माहीत नसलेलं काहीतरी आहे. तरी शंभर टक्के खात्री देता येत नाही. ही निवड की शरणागती, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि आबे यांनी ते त्याला आतूनही सांगता येऊ नये अशी रचना केली आहे. नोकरीत वीस वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, राहिलास की अडकलास. उत्तर द्यायला वेळ लागतो.

"मग गुलामीतच सुख मानायचं?"

हा आक्षेप जास्त गंभीर. सत्ताधाऱ्याला ही शिकवण फार आवडेल: खड्डा तोच ठेवा, दृष्टिकोन बदला. पण कादंबरी गावाला कुठंही माफ करत नाही. माणूस डांबणं, पाणी तोडणं, खारी वाळू विकणं, सगळं नावानिशी आहे. गावात 'आपल्या मातीवर प्रेम करा' छापाची घोषणाही आहे, आणि ती वाचून मास्तरला काय वाटतं हे वाचकाला बरोबर कळतं. आबे कम्युनिस्ट पक्षात होते, पुढे पक्षानंच त्यांना काढून टाकलं. सामूहिक हिताच्या नावाखाली एकट्याचं काय केलं जातं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

आणि बाई?

शीर्षकात ती आहे, पण तिला नाव नाही. नवरा आणि मुलगी आदल्या वर्षीच्या वादळात वाळूखाली गेली. मास्तर तिला विचारतो, बाहेर पडून मोकळं चालावंसं वाटत नाही? नुसतं चालून काय करायचं, असं तिला वाटतं. ती म्हणते, पूर्वी चालले की. मूल कडेवर घेऊन, चालवलं तेवढं चालले, आता चालून चालून थकून गेले. युद्धानंतरच्या जपानमध्ये या वाक्याचा अर्थ कुणी विचारला नसेल. ज्याच्या पायाखालची जमीन एकदा गेली आहे, त्याला 'मोकळं फिरणं' म्हणजे चैन वाटत नाही.

एक प्रसंग अंगावर येतो. मास्तर गावकऱ्यांना विनवतो, रोज थोडा वेळ समुद्र बघू द्या. ते अट घालतात: तुम्हा दोघांचा संग आम्हाला वरून बघू द्या. मास्तर तयार होतो, तिला फरफटत बाहेर ओढतो. ती झुंजते, त्याला बदडून काढते, आणि नाहीच म्हणते. त्या रात्री खड्ड्यात मोकळं कोण होतं? सार्त्र वाचलेल्यांनी या पानावर जरा जास्त वेळ थांबावं.

तरीही माझी एक तक्रार आहे. तिच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला सतत मास्तरच्या नजरेतूनच दिसतं. शेवटी तिला गोधडीत गुंडाळून नेलं जातं आणि पुस्तक तिच्यामागे जात नाही. रेडिओ मात्र आलेला असतो.

हे सगळं पाश्चात्त्यांकडून उसनं?

आबे यांनी पाश्चात्त्य लेखक वाचले होते, काफ्काशी त्यांची तुलना नेहमीच होते. पण अनुभव उसना नव्हता. जन्म १९२४ चा टोकियोतला, बालपण मात्र मंचुरियातल्या मुकदेन शहरात, म्हणजे जपाननं बळकावलेल्या मुलखात. वडील डॉक्टर. आजूबाजूला उजाड मैदान आणि धूळ. १९४५ मध्ये साम्राज्य कोसळलं, साथीच्या तापात वडील गेले. पुढच्या वर्षी आबे जहाजानं जपानला निघाले, तर जहाजावर कॉलरा पसरला आणि किनारा समोर असूनही कुणाला उतरू देईनात. मायदेश म्हणायचा तो डोळ्यांसमोर, आणि पाय ठेवायला मनाई. अशा माणसाला बंदिवासावर लिहायला पॅरिसची परवानगी लागत नाही. पुढे ते टोकियोत डॉक्टरकी शिकून १९४८ मध्ये पदवीधर झाले, पण दवाखाना कधी थाटला नाही.

सिनेमा १९६४ चा, दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहारा, पटकथा आबे यांचीच. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. त्यातली वाळू पडद्यावर खरोखर वाहते आणि आपल्यालाच अंग झाडावंसं वाटतं. पण बाईची ती छत्री पुस्तकात जास्त वेळ पुरते.

शेवटचे दोन कागद

कादंबरीच्या शेवटी कुटुंब न्यायालयाचे दोन कागद छापलेत, सरकारी भाषेत. पहिली नोटीस: निकी जुंपेई बेपत्ता आहे, त्याच्या जिवंत असण्याबद्दल वा मृत्यूबद्दल कुणाला माहिती असेल तर मुदतीत कळवावं. दुसरा निकाल: १८ ऑगस्ट १९५५ पासून सात वर्षांहून जास्त काळ ठावठिकाणा नसल्यानं त्याला बेपत्ता, म्हणजे कायद्यानं मृत, जाहीर करण्यात येत आहे. सात वर्षांचा हिशेब आपल्या कायद्यातही आहे, त्यामुळे मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल. निकालावर तारीख ५ ऑक्टोबर १९६२.

पुस्तक दुकानांत आलं त्याच वर्षीच्या जूनमध्ये. म्हणजे पहिल्या वाचकांच्या हाती ते पडलं तेव्हा ही तारीख उजाडायची होती. नोटिशीची मुदत चालू होती, कायद्याच्या दृष्टीनं मास्तर अजून जिवंत होता, आणि तो कुठल्या खड्ड्यात आहे हे त्या प्रत्येक वाचकाला माहीत होतं.

हे सगळं मी नंतर काकूंना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं, मग कुणी कळवलं का?"